मिस्किटा सरांची शिकवणी

सिल्वेस्टर मिस्किटाला इंग्रजी येत नाही, ही गोष्ट अख्ख्या कोलशेतात फक्त त्याच्या घरातल्यांनाच माहीत होती. त्यानं ती लपवली होती असं नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. नाव सिल्वेस्टर, आडनाव मिस्किटा, अंगणात क्रूस, रविवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून चर्च. एवढं दिसल्यावर माणसाला इंग्रजी येतं का, हे विचारायला कोण जातंय? लोकांनी आपापलं ठरवून टाकलं होतं. चर्चमधली मिसा, म्हणजे रविवारची प्रार्थना, मराठीत असते, घरात नवरा-बायको मराठीतच भांडतात आणि सिल्वेस्टर जिथे नववीपर्यंत गेला ती शाळाही मराठीच होती, हे समोरच्या टॉवरमधल्यांना आणि मागच्या चाळीतल्यांना कुठून ठाऊक असणार.

सगळी हयात त्यानं इथल्याच एका रंगाच्या कंपनीत ड्रम भरण्यात घालवली. तिथे त्याला सगळे 'ए सिल्व्या' म्हणायचे. कंपनी बंद पडली, तिच्या जागेवर टॉवर उभे राहिले आणि सिल्व्या रिटायर होऊन पडवीत बसायला लागला.

उन्हाळा सरत आला असताना एका सकाळी मागच्या चाळीतली शीला आपल्या मुलीला घेऊन फाटकाशी आली. शीला नौपाड्यातल्या एका दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. तिथे कुणी तरी तिला सांगितलं होतं, मुलीचं इंग्लिश कच्चं असेल तर सरळ ख्रिश्चनांकडे पाठवा, त्यांच्या घरातच असतं.

"सर, एक विनंती होती," शीला म्हणाली.

सिल्वेस्टरनं मागे वळून पाहिलं. मागे त्याची बायको थेरेसा वर्षाच्या बाटली-मसाल्यासाठी मिरच्या वाळत घालत होती. दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे 'सर' आपणच, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याच क्षणी त्याचं डोकं काम करेनासं झालं.

शीलानं सगळं सांगितलं. संचिता दहावीला बाकी सगळ्या विषयांत पास होती, गणितात तर चांगले मार्क होते, पण इंग्रजीनं दगा दिला. आता फेरपरीक्षा. तिच्यात सुटली तर पोरगी डिप्लोमाला जाईल. नाही सुटली तर कल्याणला मामाचं साडीचं दुकान होतंच, मामा कधीपासून काउंटरवर मुलगी मागत होता. "एक वर्षच बसेल म्हणतात," शीला म्हणाली. दुकानात एक वर्षासाठी बसलेली तिची मोठी भाची अजून तिथेच बसलेली होती.

संचिता खाली बघत उभी होती. सिल्वेस्टरला म्हणायचं होतं, ताई, तुम्ही चुकीच्या घरी आलात. पण तोंडातून निघालं, "पाठवा उद्यापासून. फी-बी काय नको."

दोघी गेल्यावर थेरेसानं मिरचीचे हात कमरेवर ठेवले. "तुमाला कोन बोललं व्हतं हो बोलायला?"

"ती सर बोलली गं," सिल्वेस्टर म्हणाला. यापेक्षा बरं कारण त्याच्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संचिता पुस्तक आणि अपेक्षित प्रश्नसंच घेऊन हजर झाली. सिल्वेस्टरनं चष्मा लावला. इंग्रजी अक्षरं त्याला ओळखू यायची. शब्द मात्र तेवढेच, जे कंपनीतल्या ड्रमवर लिहिलेले असत: डेंजर, नो स्मोकिंग, धिस साइड अप. समोरच्या उताऱ्यात यातला एकही नव्हता. त्याच्या कपाळावर घाम आला आणि मिरच्यांमुळे शिंकही आली.

"वाच," तो म्हणाला.

संचितानं अडखळत वाचलं.

"आता मराठीत सांग काय लिवलंय ते."

"म्हणजे एक माणूस असतो, तो समुद्रावर जातो, मग त्याला मदत मिळते," संचिता एका दमात बोलून मोकळी झाली.

"मला नाय कळलं. परत सांग."

संचिता गोंधळली. शाळेत बाई विचारायच्या, कळलं का, आणि वर्ग म्हणायचा, हो. हा खेळ तिला पाठ होता. इथे सरांनाच कळलेलं नव्हतं आणि ते तसं तोंडावर सांगत होते. तिनं पुन्हा उताऱ्यात पाहिलं. माणूस समुद्रावर जातो कशाला, मदत कोण करतं, हे तिनं मघाशी आपल्याच मनानं ठोकून दिलं होतं. ती शब्द शब्द चाचपडत राहिली, घरी जाऊन शब्दकोशात बघून आली आणि नव्यानं सांगायला लागली. माणूस समुद्रावर गेला नव्हता, समुद्रावरून परत आला होता.

"मग बोट कोनाची?" सिल्वेस्टरनं विचारलं. त्याला खरोखरच ती माहिती हवी होती, कारण गोष्ट आता कुठे रंगात आली होती.

असं ते सुरू झालं. रोज सकाळी संचिता वाचायची, मराठीत सांगायची आणि सिल्वेस्टर म्हणायचा, मला नाय कळलं. ती चिडायची, पुन्हा सांगायची. जेव्हा त्याला खरंच कळायचं, तेव्हा तो लाल पेननं उत्तराशेजारी राइटची खूण करायचा आणि खाली 'गुड' लिहायचा. हा एक शब्द त्याला बरोबर लिहिता येत होता. कधी तिनं विचारलंच, "सर, हे बरोबर आहे ना?" तर तो म्हणायचा, "तुला काय वाटतं?" हे वाक्य त्यानं टीव्हीवर कुठेतरी ऐकलं होतं आणि प्रत्येक अडचणीत ते कामाला येत होतं.

चाळीत बोलबाला झाला. मिस्किटा सरांची पद्धतच वेगळी आहे, ते शिकवत नाहीत, वदवून घेतात. सिल्वेस्टर हे ऐकायचा आणि त्याला कळायचंच नाही की आपण काय करतोय. पोरगी शिकतेय का? शिकत असेल तर कुणाकडून? आणि शिकत नसेल तर आपण तिचं काय वाटोळं करतोय? तो थेरेसाला विचारायचा. थेरेसा म्हणायची, "मना काय विचारता? मना तरी कुटं येतं?"

हे सगळं असंच निभावून गेलंही असतं, पण परीक्षा जवळ आल्यावर एके दिवशी संचिता अडली. मधमाश्यांवरचा उतारा होता आणि खाली वाक्य देऊन ते चूक की बरोबर हे विचारलं होतं.

"तुला काय वाटतं?" सिल्वेस्टर म्हणाला.

"मला काहीच वाटत नाही, सर. दोन्ही वाटतं. आज तुम्ही सांगा."

सिल्वेस्टरनं उताऱ्याकडे पाहिलं. उतारा त्याच्याकडे बघत राहिला. "बरोबर," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संचिता आली ती पुस्तक उघडूनच. "सर, गाईडमध्ये मागे 'चूक' दिलंय. छपाईची चूक असेल ना? मी खोडून 'बरोबर' केलंय."

सिल्वेस्टरनं पुस्तक हातात घेतलं. त्यानं पाहिलं, तिनं छापील उत्तरावर व्यवस्थित रेघ मारली होती आणि शेजारी त्याचं उत्तर लिहिलं होतं. पुस्तक खोटं आणि मिस्किटा सर खरे. ही पोरगी असंच परीक्षेत लिहून येणार आणि कल्याणला साड्यांच्या घड्या घालत बसणार, तीही आपल्यामुळे. आजवर त्याला शरम वाटत होती, आज पहिल्यांदा भीती वाटली.

"पुस्तक बरोबर हाय," तो म्हणाला. "मी चुकलो. मला इंग्लिश येत नाय."

संचिता हसली. मग त्याचा चेहरा बघून थांबली. तिनं थेरेसाकडे पाहिलं. थेरेसा मसाला बाटल्यांत ठासून भरत होती. "नाय येत त्यांना," ती मान वर न करता म्हणाली. "बिलकूल नाय. मी कवापासून सांगते, बोलून टाका, बोलून टाका."

"थोडं तरी येत असेल," संचिता म्हणाली.

"ड्रमवरचं येतं," सिल्वेस्टर म्हणाला.

संचितानं आपले सगळे पेपर पिशवीतून काढले आणि पडवीत पसरले. सगळीकडे लाल खुणा, सगळीकडे गुड. "मग हे राइट कोणी दिले?" ती म्हणाली. "कशाला दिले?"

सिल्वेस्टरनं लाल पेन खिशात सरकवलं. तिनं पेपर गोळा केले आणि निघून गेली. पुढच्या दिवशी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही दिवशी नाही. सिल्वेस्टर सकाळी सवयीनं चष्मा लावून पडवीत बसायचा आणि समोरची रिकामी खुर्ची बघून त्याला गलबलून यायचं. शेवटी त्यानं डोंबिवलीला फोन लावला.

डोंबिवलीला त्याची लेक डेल्फिन राहत होती. इंग्रजी शाळेत शिक्षिका. म्हणजे इतके दिवस खरं इंग्रजी एका फोनच्या अंतरावर होतं आणि नेमकं तिलाच सांगायची सिल्वेस्टरला छाती होत नव्हती. ती काय बोलणार हे त्याला माहीत होतं. ती तेच बोलली.

"पप्पा, तू लोकांच्या मुलीच्या वर्षाशी खेळलास. तुला गंमत वाटली का ही? कुणी सर म्हटलं म्हणून?"

"हो," सिल्वेस्टर म्हणाला. "आता काय करू ते सांग."

"घेऊन ये तिला. आजच."

सिल्वेस्टर चाळीत गेला. शीलाची त्या दिवशी सुट्टी होती. तिनं त्याला पाहताच पदर सावरला आणि आत ओरडली, "ये बाहेर. सर स्वतः आलेत. माफी माग." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "सर, मला तर सांगायलाही लाज वाटते. ही म्हणते तुम्हाला इंग्लिश येत नाही. अभ्यासाचा कंटाळा आला की कुणावरही काहीही बोलायचं."

"ताई, ती खरं बोलते. मला नाय येत."

"तुम्ही तिची बाजू घेऊ नका, सर."

"अहो, बाजू नाय घेत. मी नववी नापास हाय. कंपनीत ड्रम भरायचो."

शीला हात जोडून हसली. "मोठी माणसं असंच बोलतात. आमचे डॉक्टरपण म्हणतात, मला कुठे काय येतं."

सिल्वेस्टरनं हात टेकले. आयुष्यात इतकं खरं तो कधी बोलला नव्हता आणि ते ऐकायला कुणी तयार नव्हतं. संचिता दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरचा राग जरा वाकडा झाला, हसू आल्यासारखा. कदाचित तिच्या लक्षात आलं की या चाळीत खरं काय ते माहीत असलेली आपण दोघंच आहोत.

"माझी मुलगी तपासून देईल सगळं," सिल्वेस्टर तिला म्हणाला. "तिला येतं. चल."

बस शीळ रोडला नेहमीप्रमाणे तुंबली. संचिता खिडकीपाशी पेपरांची पिशवी मांडीवर धरून बसली होती. सिल्वेस्टरनं तिला एकदा पाणी विचारलं. तिनं नको म्हटलं. मग आणखी थोड्या वेळानं घेतलं.

डेल्फिननं दार उघडलं, बापाकडे पाहिलंही नाही, मुलीला टेबलाशी बसवलं आणि पेपर तपासायला घेतले. ती एकेक पान उलटत गेली. सिल्वेस्टर कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून मनातल्या मनात माळेचे मणी ओढत होता.

"गंमत आहे," डेल्फिन अखेर म्हणाली. "उताऱ्यांची उत्तरं बहुतेक बरोबर आहेत. वाचलेलं हिला कळतं. लिहायला लागली की घसरते. पत्राची मांडणी तर आलीच नाहीये, आणि ते तर हातातले मार्क आहेत. सारांश म्हणजे अख्खा उताराच उतरवून काढलाय."

संचितानं खाली वाकून आपले पेपर पुन्हा पाहिले. बहुतेक बरोबर आहेत, हे तिनं मनाशी दोन-तीनदा म्हटलं असावं, कारण तिचे ओठ हलत होते.

मग डेल्फिननं शिकवायला घेतलं. तिचं शिकवणं झकास होतं, फळ्यावर लिहितात तसं स्वच्छ. पत्ता इथे, तारीख इथे, विषय असा. सारांशात काय ठेवायचं, काय गाळायचं. प्रत्येक मुद्द्यानंतर ती विचारायची, "कळलं?" आणि संचिता म्हणायची, "हो, मॅडम." डेल्फिन पुढे जायची. पुन्हा कळलं? हो, मॅडम. मग तिनं करायला दिलं, तर संचितानं पुन्हा अख्खा उतारा उतरवून काढला. डेल्फिननं पुन्हा समजावलं. पुन्हा हो, मॅडम, आणि पुन्हा तेच.

"आता मात्र मला समजत नाही," डेल्फिन पेन आपटून म्हणाली. "कळलं म्हणतेस आणि करत नाहीस."

कोपऱ्यातून सिल्वेस्टर म्हणाला, "मला पन नाय कळलं. गाळायचं म्हनजे काय गाळायचं? सगळंच कामाचं दिसतंय."

"पप्पा, तुला कळायची गरज नाही."

पण संचितानं तोवर खुर्ची त्याच्याकडे वळवली होती. सवयच ती. "सर, बघा. समजा तुम्ही थेरेसा काकींना फोनवर सांगताय की बस अडकली, उशीर होईल. तुम्ही बसमध्ये कोण कोण बसलंय ते सांगाल का?"

"नाय. ती फोन ठेवून देईल."

"तेच. बस अडकली हे ठेवायचं. आणि आपल्या बसमधला तो हिरव्या शर्टवाला गाळायचा..." ती थांबली. उताऱ्याकडे पाहत राहिली. मग तिनं पेन उचललं आणि एकेक वाक्य त्याला मराठीत सांगत खोडायला लागली. एक चुकीचं खोडलं.

"ते का खोडलं?" सिल्वेस्टरनं विचारलं. "मग तो मानूस घरी पोचला कसा?"

संचितानं ते वाक्य परत घेतलं.

डेल्फिन दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. इतकी वर्षं ती शिकवत होती, पण बी.एड.ला हे असलं काही कुणी सांगितलं नव्हतं. तिनं उठून बापाची खुर्ची टेबलाशी ओढली. "पप्पा, इथे बस. आणि जे नाही कळत ते विचारत राहा."

"मला तर कायच नाय कळत."

"मग उत्तमच," डेल्फिन म्हणाली.

परीक्षेपर्यंत ते तिघं असेच बसले, कधी डोंबिवलीला, कधी डेल्फिन कोलशेतला यायची. डेल्फिन शिकवायची, सिल्वेस्टरला कळायचं नाही, संचिता त्याला समजावायची आणि ती कुठे चुकते ते डेल्फिन टिपायची. थेरेसा सगळ्यांना चहा द्यायची आणि म्हणायची, एका पोरीला शिकवायला दोन मानसं लागतात, असला अभ्यास मी पयल्यांदा बघितला.

फेरपरीक्षेचं केंद्र नौपाड्यात होतं. पेपर सुटला तेव्हा सिल्वेस्टर फाटकाबाहेर उभा होता. संचिता बाहेर आली, घामेजलेली, कपाळावर आठ्या.

"कसा गेला?"

"माहीत नाही, सर. सगळं लिहिलं. पण वेळ पुरला नाही. प्रत्येक उत्तराला डोक्यात तुमचं चालू, नाय कळलं, परत सांग. किती वेळ गेला माझा त्यात."

सिल्वेस्टरचं तोंड उतरलं. आता आपल्यामुळे पोरीचे मार्क गेले, असं त्याला वाटलं, आणि निकालापर्यंत त्याला अन्न गोड लागलं नाही. रविवारच्या मिसेला तो पुढच्या बाकावर जाऊन बसू लागला. काय मागायचं ते त्याला कळत होतं, पण असल्या कर्मानंतर मागायचं कुठल्या तोंडानं, ते कळत नव्हतं.

संचिता पास झाली. काठावर नाही, चांगली पास झाली. शीलानं पेढ्यांचा पुडा थेरेसाच्या हातात दिला आणि सिल्वेस्टरच्या पाया पडली. तो खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकला. "ताई, खरंच सांगतो, मला..." शीलानं त्याला पुढे बोलू दिलं नाही. कल्याणच्या मामाला दुसरी मुलगी शोधावी लागली आणि संचिता डिप्लोमाला गेली.

पुढच्या वर्षी चाळीतल्या आणखी एका बाईनं आपला आर्यन आणून बसवला. सिल्वेस्टरनं तिला आल्या आल्या सांगितलं, मला इंग्लिश येत नाय, मी नुसता समोर बसतो. बाईनं हात जोडले. असे गुरू कुठे मिळतात हल्ली, असं तिनं बाहेर जाऊन सांगितल्याचंही त्याच्या कानावर आलं. सिल्वेस्टरनं नाद सोडला.

एका रविवारी संचिता भेटायला आली होती. ती थेरेसाशी बोलत आत उभी होती आणि पडवीत आर्यन उतारा वाचत होता, भराभर, सुटका करून घेतल्यासारखा. एका माणसाला शेजारी सांगतात, दारातलं झाड तोड. तो तोडत नाही. झाडावर पक्ष्यांची घरटी असतात.

सिल्वेस्टर ऐकत होता. उतारा संपला आणि तो दचकला. आर्यननं अजून मराठीत एक अक्षर सांगितलं नव्हतं, आणि झाड, शेजारी, घरटी, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर उभं होतं. हे कुठून आलं, ते त्याला कळेना. गेल्या वर्षभरात कोणी तरी आपल्याला शिकवून गेलं आणि आपल्याला पत्ताच लागला नाही.

"सांग काय लिवलंय," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे तो माणूस झाड तोडतो," आर्यन म्हणाला. "शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून. झालं."

'अरे, नाय तोडत,' असं सिल्वेस्टरच्या अगदी ओठांवर आलं. साठ वर्षांनंतर त्याला एक उत्तर येत होतं आणि ते तो कुणालाही छातीठोकपणे सांगू शकत होता. त्यानं वर पाहिलं. संचिता दारात येऊन उभी राहिली होती. तिनं उतारा ऐकला होता, त्याचा चेहराही पाहिला होता, आणि ती वाट बघत होती.

सिल्वेस्टरनं उत्तर गिळलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला नाय कळलं रे," तो म्हणाला. "परत सांग."